काळी नर्तकी

भिजवलेल्या चिंचेचा वास आला की नंदुरबारच्या शेठचा दिवाणखाना डोळ्यांपुढे येतो. फ्रान्सहून आणवलेल्या जुन्या ब्राँझच्या मूर्ती तिथे मखमलीवर मांडलेल्या असत, आणि माझ्या आईची उमर त्या घरची धुणीभांडी करण्यात गेली. एका दिवाळीत तांब्यापितळेच्या भांड्यांबरोबर तिने त्या मूर्तींतली काळीशार नर्तकीही चिंच-राखेने लख्ख घासली. "दखा शेठ, सोनानागत चमकी ऱ्हायनी!" ती हौसेने म्हणाली. शेठ ओरडले, "बाई, शंभर वरीसना काळा रंग व्हता तो, तोच तं मोलना व्हता! उद्यापासून येऊ नको." आईने हात जोडले, "परत काळी व्हई जाई ना, शेठ." शेठ ऐकेनात. वर्षं झाली, माझा संताप निवलेला नाही. नर्तकी एव्हाना नक्कीच पुन्हा काळवंडली असेल. आईला मात्र कुणी परत बोलावलं नाही.