संध्याकाळ परत देणाऱ्या सुनंदाताई

सुनंदाताई म्हात्रे पहिल्यांदा भेटल्या तेव्हा मला त्या मुळीच आवडल्या नव्हत्या. गौरवग्रंथातला लेख असा सुरू करू नये, एवढं मलाही कळतं. पण ताईंना कोणी हरभऱ्याच्या झाडावर चढवलेलं खपत नाही. साठीच्या निमित्ताने का होईना, उगाच गोडगोड लिहिलं तर त्या पहिलीच ओळ खोडायला सांगतील. तेव्हा घडलं तसंच लिहितो.

भाईंदरजवळच्या हाटकेशमधल्या आमच्या औषधांच्या घाऊक कंपनीत मी संगणक विभागात ऑपरेटर होतो. आमचा संगणक म्हणजे घरच्या टेबलावर असतो तसला नव्हे. छोट्या कपाटाएवढं काळं यंत्र, काचेच्या खोलीत एसी लावून जपलेलं. केमिस्टांच्या ऑर्डरी, बिलं, गोदामातला साठा, सगळं त्याच्या पोटात. संध्याकाळी बिलिंग बंद झालं की दिवसअखेरीचं काम सुरू होई: हिशेब मिटवायचे, साठा जुळवायचा, शेवटी सगळ्याची नक्कल टेपवर घ्यायची. मध्येच यंत्र थांबे आणि पडद्यावर विचारी, पुढे जाऊ, पुन्हा करून बघू, की सोडून देऊ? उत्तर मिळाल्याशिवाय ते ढिम्म हलत नसे. ते उत्तर द्यायला मी बसलेला असे. सण असो वा घरात आजारपण, वर्षानुवर्षं माझी संध्याकाळ त्या पडद्यासमोर गेली.

अशात बातमी आली की एक बाई येतायत आणि त्या हे सगळं आपोआप होईल असं करणार आहेत. ‘सावंत, तुझा पत्ता कट,’ असं कॅन्टीनमध्ये मला हसत हसत सांगण्यात आलं. मला काही हसू आलं नाही.

ताई आल्या. साधी कॉटनची साडी, खांद्याला कापडी पिशवी. भाईंदरच्या डोंगरी गावापुढे समुद्राला लागून त्यांचं घर. तिथून बस आणि रिक्षा करत त्या रोज यायच्या, आणि तरी आमच्याआधी हजर असायच्या. पहिल्याच संध्याकाळी स्टूल ओढून माझ्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, “सावंत, मला तुमचं काम शिकवा.”

मी जरा फणकाऱ्यानेच म्हटलं, “म्हणजे मॅडम, मीच शिकवायचं आणि माझंच काम जायचं?”

त्यांनी उलट विचारलं, “आत्ता घरी कोण असतं तुमच्या?”

आता घरी म्हणजे भाईंदर पश्चिमेला, आमचे अण्णा. वडिलांची नजर तेव्हा हळूहळू जात चालली होती. रोज संध्याकाळी खाडीवरच्या जेट्टीपर्यंत फेरी मारायची त्यांची जुनी सवय. पण एकट्याने जायची भीती वाटे, आणि दुसऱ्या कोणाचा हात धरून जायला ते तयार नसत. खिडकीशी बसून माझी वाट बघायचे आणि मी पोचेपर्यंत जेवून झोपलेले असायचे. हे सगळं मी त्या अनोळखी बाईंना का सांगितलं, मला आजही कळलेलं नाही.

ताईंनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, “तुमचं काम जाणार नाही. संध्याकाळ मात्र परत मिळेल. शब्द देते.”

पुढे कित्येक आठवडे त्या शेजारी बसून माझ्या प्रत्येक उत्तराची कारणं विचारत होत्या. “आत्ता पुन्हा कर म्हणालात, काल सोडून दे म्हणाला होतात. का?” मला वाटायचं मी सवयीने बटण दाबतोय. त्यांनी विचारल्यावर लक्षात यायचं की आपण विचार करत होतो. तो विचार त्या प्रोग्रामात उतरवत होत्या आणि दुपारच्या वेळात मलाही प्रोग्राम लिहायला शिकवत होत्या. चुकलो की म्हणायच्या, “असू दे. ते यंत्र कुठे पळून जातंय?”

त्याच सुमारास त्यांनी दुसरं काम हाती घेतलं, कुलपांचं. आमच्याकडे त्या यंत्रात काहीही करू शकणारा एकच मुख्य पासवर्ड होता आणि तो अख्ख्या मजल्याला पाठ होता. काही कमीजास्त झालं की सगळे एकमेकांकडे बघत. ताईंनी प्रत्येकाला कामापुरतीच वाट ठेवली आणि मुख्य पासवर्ड दोघांत वाटून टाकला. शेठ भडकले. “बेन, कंपनी मारी, मशीन मारुं, अने पासवर्ड मने ज नहीं?”

ताई शांतपणे म्हणाल्या, “सेठ, पूरा तो मेरे पास भी नहीं है. आधा मेरे पास, आधा अकाउंट्स में.”

शेठ दोन दिवस घुश्शात होते. ताई आम्हाला म्हणाल्या, “कुणावर विश्वास नाही म्हणून नाही करत हे. उद्या काही झालं तर विनाकारण कुणावर बोट जाऊ नये म्हणून करतेय.” सुरक्षेवरची बरीच भाषणं मी पुढे ऐकली, पण मला पटलं ते हे.

आणि मग तो दिवस उजाडला. संध्याकाळी यंत्र आपलं आपण काम करू लागलं. मी पायात चपला घालून दारात नुसताच उभा. “जा ना,” ताई म्हणाल्या, “अण्णा वाट बघत असतील.”

अण्णांचा हात धरून मी जेट्टीपर्यंत गेलो. कुठली होडी लागलीय, कुणाचं जाळं पसरलंय, ते विचारत होते आणि मी सांगत होतो. सांगता सांगता दर दोन मिनिटांनी मोबाइल बघत होतो. अण्णांना दिसत कमी होतं, पण एवढं कळलं.

“काय चाललंय तुझं?”

“ऑफिसचं काम सुरू आहे, अण्णा.”

“करतंय कोण?”

“आपोआप होतंय.”

“मग इकडे बघ,” अण्णा म्हणाले.

हे सुख महिनाभरही टिकलं नाही. एका सकाळी ऑफिसला आलो तर यंत्र आदल्या संध्याकाळपासून टेपची वाट बघत थांबलेलं. बिलं निघेनात, औषधांचे टेम्पो गेटवर रांगेत उभे. झालं होतं असं, की टेप बदलायचं काम मी रोज जाता येता हातासरशी करायचो. ते काम आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं, म्हणून ताईंना सांगितलंही नव्हतं. घरात शिरताना चपला काढतो, हे कोण कोणाला सांगतं? आदल्या दिवशी मी नेहमीपेक्षाही लवकर, घाईत निघालो आणि टेप तशीच राहिली.

शेठ ओरडले, “ये आपोआप-बिपोआप बंद करो! सावंत को शाम को वापस बिठाओ!”

 मला काळजी नोकरीची नव्हती. खिडकीशी बसलेले अण्णा डोळ्यांपुढे आले.

ताई म्हणाल्या, “सेठ, गलती मेरी है. मैंने पूछा नहीं था. जब तक ठीक नहीं होता, शाम को मैं बैठूँगी. सावंत घर जाएगा.”

आणि त्या बसल्या. रोज. टेप दुपारीच लावायची, ती लागली की नाही हे यंत्राने स्वतः तपासायचं, नसेल तर आमच्या मोबाइलवर कळवायचं. असं एकेक भोक बुजवत त्यांनी सगळं पक्कं केलं. तोवर पावसाळा संपत आला होता. त्या साऱ्या संध्याकाळी मी अण्णांबरोबर जेट्टीवर होतो.

ताईंच्या घरीही कोणी वाट बघत असेल, हे तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नाही. फार नंतर, एका रविवारी त्यांच्याकडे जेवायला गेलो. त्यांची आय मला बघून म्हणाली, “ह्योच काय तुजा सावंत? याच्यापायी मना एकटीला जेवाया लागायचा.” ताईंनी माझ्या पानात मासळीचा तुकडा वाढला आणि म्हणाल्या, “आय, त्याला जेवू दे.” मी मान खाली घालून भात कालवत बसलो.

अण्णा गेले त्याला आता काही वर्षं झाली. शेवटची दोन वर्षं आम्ही जवळजवळ रोज फिरलो. आयुष्यात मला मिळालेली सगळ्यात मोठी भेट कोणती, असं कोणी विचारलं तर मी त्या फेऱ्यांचं नाव घेईन, आणि त्या मला ताईंनी दिल्या. ऑपरेटरचा प्रोग्रामर झालो, आज त्यांच्या खुर्चीवर बसतोय, तेही त्यांच्यामुळेच. पण ते दुसऱ्या नंबरावर.

निवृत्तीच्या वेळी कंपनीने सुचवलं, सल्लागार म्हणून राहा, यंत्रातली तुमची वाट उघडी ठेवू. ताईंनी हात जोडले आणि स्वतःचा प्रवेश मला बंद करायला लावला. मी बटणावर बोट ठेवून थांबलो. “दाबा सावंत,” त्या म्हणाल्या, “गेलेल्या माणसाची चावी दारात ठेवत नाहीत.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दिवसअखेरीचं काम बिनबोभाट पार पडलं. मी जेट्टीवर गेलो आणि तिथून ताईंना फोन लावला. पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता.

“सावंत? काय झालं?” आवाजात जुनीच काळजी.

“काही नाही झालं, ताई.”

“मग फोन कशाला?”

“हेच सांगायला.”

 मागून आयचा आवाज आला, “कोनाचा फोन हाय? जेवन थंड होतंय.” ताई म्हणाल्या, “कुणाचा न्हाय गं, आले.” आणि माझ्याशी एक शब्दही न बोलता त्यांनी फोन ठेवला. इतका आनंद मला कुठल्याच कौतुकाने झालेला नाही.

ताई, तुम्हाला शतायुषी व्हा म्हणण्याइतका मी वडीलधारा नाही. मागणं मात्र मागू शकतो. तुमची तब्येत ठणठणीत राहो, आयच्या हातचं तुम्हाला रोज गरम मिळो, आणि संध्याकाळी ऑफिसचा फोन कधी आलाच, तर काही झालेलं नाही हे सांगायला येवो.