शब्बाथची लिफ्ट

शनिवारी, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, शब्बाथला, आमच्या इस्रायलमधल्या गावच्या इस्पितळात एक लिफ्ट आपली आपणच चालते आणि प्रत्येक मजल्यावर थांबते. बटण दाबणं हे काम झालं आणि त्या दिवशी काम वर्ज्य. माझी एस्तेरमावशी, मूळची अलिबागकडची, नुकत्याच जन्मलेल्या नातवाला पाहायला चालत आली आणि त्याच लिफ्टमध्ये शिरली. सोबत म्हणून मीही शिरलो आणि पहिल्याच मजल्यावर कुरकुरलो, "अगं, किती रखडायचं!"

"मग तू जा की शेजारच्या लिफ्टने. मी कुठं अडवलंय तुला?"

मी तिच्यासोबतच राहिलो. देश आधी ज्यूंचा की आधी सगळ्या नागरिकांचा, यावरून इथे घराघरात भांडणं होतात, आमच्याही जेवणाच्या टेबलावर होतात. या देशाला एकसंध लिखित राज्यघटना नाही. कधी लिहिलीच, तर मावशीचं 'मी कुठं अडवलंय तुला?' हेच घटनेचं पहिलं कलम करावं, असं मला वाटून गेलं.

पुढच्या मजल्यावर मिठाईचा डबा घेतलेली एक अरब बाई आत आली. मावशीने मोडक्या हिब्रूत बजावलं, "ही थांबत थांबत जाते हं."

"जाऊ दे. नात झालीय मला!"

"मला नातू!"

वरच्या मजल्यावर दार उघडलं आणि दोघी आज्या शर्यत जिंकल्यासारख्या माझ्या पुढे धावल्या.

भांडण उद्या पुन्हा सुरू होईल, मीही तावातावाने भांडेन. पण त्या दिवशी दोन्ही लिफ्ट चालू होत्या, आणि दोन्ही वर पोचत होत्या.