शनिवारच्या नकला

पवनारच्या बबनरावांची रोशनी रागावली की बोलत नाही, भांडी आदळते. त्या आठवड्यात घरातलं एकही भांडं सुखानं टेकलं नव्हतं.

रोशनी पुण्याच्या एका कंपनीसाठी घरूनच प्रोग्रॅम लिहायची. बापाच्या वांग्या-मेथीच्या वाफ्यांकडे खिडकी असलेल्या खोलीत तिचा लॅपटॉप. पण फाइल सेव्ह केली की कोड लिहायचा एडिटर गोठायचा. कुठल्या ओळी बदलल्या ते गिटला, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रॅमला, विचारून दाखवणारा त्याचा भाग नुसता गरगरत राहायचा. हळूहळू हे वीस सेकंदांवर गेलं होतं. दिवसातून दोनशे वेळा सेव्ह करणाऱ्या माणसानं काय डोकं फोडून घ्यावं?

सोमवारी चौदा जणांच्या कॉलवर तिनं हे सांगितलं, तर तिचे टीम लीड गजेंद्र सर हसत म्हणाले, "गावाचं नेट आहे, चालायचंच. रोशनी, एक तारखेपासून पुण्याला ये. नाहीतर मला दुसरं कुणी बघावं लागेल."

बाकीचेही हसले. बबनराव दारातच उभे होते, त्यांनी ते ऐकलं. संध्याकाळपर्यंत त्यांनी नेटच्या वायरवाल्याला धरून आणून नवी वायर टाकून घेतली आणि जेवताना खाली मान घालून म्हणाले, "आपल्या गावाच्यापायी तुले तरास होऊन राह्यला, बाई."

रोशनीच्या डोक्यात तिडीक गेली. बापानं माफी मागावी ती कशाची? गावानं कुणाचं घोडं मारलं होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं ती नवी वायरच उपसून काढली आणि फाइल सेव्ह केली. वीस सेकंद. नेट नाही, तरी तेवढेच. गिट आपल्याच लॅपटॉपवरची नोंद वाचतं, त्याला नेट लागतं कशाला? हे तिला आधीपासून ठाऊक होतं, तरी कॉलवर ती मूग गिळून बसली होती. पहिला राग तिला स्वतःचाच आला.

मग तिनं एडिटर बाजूला ठेवून गिटला थेट विचारलं. उत्तर पाव सेकंदाच्याही आत हजर. एडिटरला जोडलेल्या जास्तीच्या सोयी एकेक करून बंद केल्या. ढिम्म फरक नाही. शेवटी एडिटर पाठीमागे काय उद्योग करतो त्याची नोंद उघडली आणि ती बघतच राहिली. एका सेव्हमागे तो एका प्रोजेक्टला नव्हे, एकशे पाच प्रोजेक्टांना विचारत होता, काय बदललं म्हणून. त्यातले एकशे चार तिनंच तयार केले होते.

हा गजेंद्र सरांचा नियम. कधीतरी कुणाचं तरी काम पुसलं गेलं, तेव्हापासून दर शनिवारी अख्ख्या प्रोजेक्टची नक्कल काढायची आणि तारीख घालून मूळ प्रोजेक्टशेजारी, त्याच फोल्डरमध्ये ठेवायची. गिट जुनं सगळं जपतंच, मग नकला कशाला, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. रोशनीनं दोन वर्षांत एक शनिवार चुकवला नव्हता. एडिटर बिचारा प्रत्येक नकलेला वेगळा प्रोजेक्ट समजून दारोदार हिंडत होता.

तिनं पुण्यातल्या खुशीला फोन लावला. खुशी तिच्याच टीममधली. ती म्हणाली, नकला कुणीच काढत नाही, पहिल्याच महिन्यात चहाच्या टपरीवर ते ठरलं होतं. सरांनी स्वतः एकही काढलेली नाही. रोशनी टपरीवर नव्हती, म्हणून तिला सांगायचं राहून गेलं.

म्हणजे नियम पाळला तिनं, आणि शिक्षाही तिलाच. रोशनीची कानशिलं तापली.

तिनं सगळ्या नकला दुसरीकडे हलवल्या. सेव्ह चुटकीसरशी झालं. पुरावा सरांना पाठवला, तर पाच मिनिटांत खासगी निरोप आला. छान शोधलंस, पुण्याला यायची गरज नाही, नियमही बंद करू, ग्रुपवर मात्र टाकू नकोस.

पुढच्या कॉलला तिनं बापाला वाफ्यातून बोलावून शेजारी बसवलं.

"सर, गावाचं नेट हे तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात," ती म्हणाली. "ते खोटं होतं, हेही सगळ्यांसमोर सांगा."

नेट उत्तम चालू होतं. सरांचं घसा खाकरणंसुद्धा स्वच्छ ऐकू येत होतं. रोशनीनं त्यांना सोडवलं नाही.

"गावाच्या नेटचा दोष नव्हता," सर शेवटी पुटपुटले. "माझा नियम चुकला."

बबनरावांनी मान वर केली.

"मले नीट आयकू नाई आलं," ते लेकीला म्हणाले. "त्यायले आणखी एकदा सांगाले लाव."

माईक चालूच होता. गजेंद्र सरांनी पुन्हा सांगितलं, या वेळी मोठ्यानं.