बॅटरीची गोधडी

सीटच्या मागे हात घालून तो बॅटरीच्या पेटीला तळवा लावायचा, पोराचा ताप बघावा तसा. मग माझ्याकडे न बघताच म्हणायचा, "अजून गार आहे, मेहताजी. जरा थांबा." आमच्याकडे वाडीवरच्या कारकुनाला मेहताजी म्हणतात, ते ठीक आहे. पण ते 'जरा थांबा' ऐकलं की माझं डोकं फिरायचं. अजूनही फिरतं, म्हणून तर लिहायला बसलोय.

मी घोलवडला एका चिकूच्या वाडीत माल रवाना करायचं काम करतो. क्रेट भरून घ्यायचे, बॅटरीवरच्या तीनचाकी टेम्पोत चढवायचे आणि सकाळी सातच्या आत अच्छाडच्या ढाब्यावर पोहोचवायचे. तिथून दिल्लीचा ट्रक माल उचलतो आणि तो कुणासाठी थांबत नाही. टेम्पो चालवायला हा होता. तलासरीकडच्या एका पाड्यावरून सायकलने यायचा. कानाला मफलर, बोलणं मोजकं, आणि जे बोलायचा ते नेमकं मला न आवडणारं.

थंडी पडली की याचे नखरे सुरू. उन्हाळ्यात अठ्ठावीस क्रेट निमूट नेणारा माणूस डिसेंबरात म्हणायचा, "बावीस. वर एक नाही." का, तर बॅटरी जुनी झाली आहे, गारठ्यात ती पूर्ण जोर देत नाही, आणि अच्छाडच्या अलीकडे चढ आहे.

"इथे कसली रे थंडी? हे काय काश्मीर आहे?" मी विचारायचो.

"थंडीत चिकू पिकायला दोन दिवस जास्त घेतो, तेव्हा चिकूला बोलता का?"

आता अशा माणसाशी वाद कसा घालायचा, तुम्हीच सांगा.

त्याने बॅटरीला चक्क गोधडी शिवली होती. चिकूखाली घालायचा पेंढा गोणपाटात भरून, दाभणाने, सुतळीचे हे एवढाले टाके घालून. थंडीभर ती पेटीभोवती बांधलेली असायची. सगळी वाडी हसायची, त्यात मी पहिला.

खरं भांडण मात्र चार्जिंगचं. त्याचं म्हणणं, थंडीत बॅटरी संध्याकाळी पूर्ण भरून ठेवायची नाही. थोडी बाकी ठेवायची आणि ती पहाटे भरायची, म्हणजे चार्जिंगची ऊब आत असतानाच गाडी निघते. चार्जिंग लावायला तो पहाटे चारला यायचा, पण शेडची किल्ली माझ्याकडे. म्हणजे बॅटरीला ऊब मिळावी म्हणून मी पहाटे चारला माझं पांघरूण सोडायचं. दोन हिवाळे मी उठलो आणि रोज त्याला मनात शिव्या घातल्या.

तिसऱ्या हिवाळ्यात शेठने आम्हा दोघांना समोर उभं करून सांगितलं, "एकदा जरी ट्रक चुकला, तर ज्याची चूक असेल तो घरी बसेल." त्याच आठवड्यात गारठा वाढला आणि मालही वाढला. मी ठरवलं, याचे लाड आता बास. संध्याकाळीच बॅटरी पूर्ण चार्ज करून घेतली, टेम्पो खळ्यात उघड्यावर लावला आणि त्याला सांगितलं, "उद्या पहाटे यायचं नाही. साडेपाचला ये, थेट निघायचं."

सकाळी मीटरवर सगळ्या कांड्या दिसत होत्या. मी अठ्ठावीस क्रेट चढवले. गोधडीमुळे शेवटचा क्रेट नीट बसेना, म्हणून ती ओढून काढली आणि शेडच्या कोपऱ्यात फेकली. तो आला, त्याने तळवा लावला.

"एकदम गार आहे, मेहताजी."

"चल," मी म्हणालो आणि त्याच्या शेजारी जाऊन बसलो.

अर्ध्या वाटेतच कांड्या भराभर उतरायला लागल्या. त्याने वेग कमी केला. चढाच्या मध्यावर टेम्पो थांबला. वर हायवेवरच्या ट्रकांचे हॉर्न ऐकू येत होते. आम्ही उतरून ढकलून पाहिलं. भरलेला टेम्पो चढावर दोन माणसांनी ढकलून जातोय कुठे! त्याने चाकामागे दगड लावला आणि आम्ही रस्त्याच्या कडेला उभे राहिलो. मी स्वेटर न घालता निघालो होतो. दात वाजायला लागले, तेव्हा त्याने मफलर सोडून माझ्या हातात दिला. "कान बांधा," म्हणाला.

सात वाजून गेले. ट्रक गेला.

शेठ मोटारसायकलवर आला तो तापलेलाच. "चार्जिंग कुणी केलं होतं?"

"याने," मी म्हणालो. "पहाटे वेळेवर आलाच नाही."

त्याचा मफलर तेव्हा माझ्या कानाला होता.

तो माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आता बोलेल. बोलला असता तर मी भांडलो असतो, आरडाओरडा केला असता, आणि प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण हा गप्प. शेठने हिशोब करून घरी जायला सांगितलं, तेव्हाही गप्प. जाताना फक्त मफलर मागितला. मी दिला. त्याच्या त्या गप्प बसण्याचा मला इतका राग आला की तो अजून गेलेला नाही. कुणी म्हणतं तो वापीला कारखान्यात लागला, कुणी म्हणतं पाड्यावरच आहे. मी चौकशी केली नाही.

आता टेम्पो दुसराच माणूस चालवतो. बॅटरी मात्र तीच आहे, अजून जुनी झालेली. थंडीत मी चारला उठतो, राहिलेलं चार्जिंग लावतो, बावीसच्या वर क्रेट चढवू देत नाही. ट्रक चुकत नाही.

परवा शेठ सकाळी लवकर शेडवर आला. मी पेटीला गोधडी बांधत होतो. त्याने सगळं नीट बघितलं आणि खूश झाला.

"शाबास, मेहताजी. हे कुठून शिकलात?"

"अनुभवाने," मी म्हणालो.

सुतळीचे ते मोठाले टाके झाकले जावेत म्हणून मी गोधडी उलटी करून बांधली.