काकाची भुतं

माझा काका भुतं उतरवतो. काकू हे नव्या माणसाला बिनदिक्कत सांगते आणि तो जरा मागे सरकला की मग खुलासा करते.

गाडीवर पॉलिशचं मशीन दामटून फिरवलं की रंगावर बारीक गोल रेषांचं जाळं उरतं. सावलीत काही कळत नाही, उन्हात मात्र सगळं दिसतं. गॅरेजात त्याला भूत म्हणतात. काका मऊ स्पंजाची चकती लावून, मशीन हळू ठेवून ते घालवतो. मग स्पिरिटने पुसतो, कारण पॉलिशच्या तेलाखाली रेषा लपतात, आणि दिवा तिरका धरून बघतो.

त्याच नजरेवर मोतीबिंदू आला. काका कबूल करेना. "दिव्यातच दम नाही," म्हणायचा. एकही गाडी तक्रार घेऊन परत येत नव्हती, त्यामुळे मान ताठच. शेवटी जेवताना त्याने काकूच्या ताटातली पोळी उचलली, तेव्हा तिने त्याला डॉक्टरांकडे नेलंच.

ऑपरेशननंतर कामावर जायच्या पहिल्या सकाळी मी त्याला सोडायला गेले. वाटेत तो म्हणाला, "मी भुतं ठेवूनच गाड्या दिल्या असतील, तर आता मशीनला हात लावणार नाही."

गॅरेजच्या दारात एक काळी गाडी सर्व्हिसिंगला आली होती. नजर पार गेली होती तेव्हा त्यानेच पॉलिश केलेली. काका उन्हात तिच्याभोवती फिरला, वाकला, उकिडवा बसला. एक रेष नाही. माझा जीव भांड्यात पडला.

काका मात्र दाराच्या रबरापाशी अडला होता. खाचेत पॉलिशची पांढरी भुकटी वाळून बसली होती. कडेला चिकटपट्टी लावून खाच झाकल्याशिवाय काका मशीन सुरूच करत नाही.

"हे माझं काम नाही," तो म्हणाला. "हा रंगाऱ्याचा हात आहे."

रंगारी म्हणजे गॅरेजात गाड्यांवर रंगाचा फवारा मारणारा; काकाशिवाय पॉलिशचं मशीन त्यालाच काय ते चालवता यायचं. पॉलिश करताना एका बॉनेटच्या कडेचा रंग जळला, दोष कोणाचा यावरून दोघांनी अबोला धरला आणि वर्षानुवर्षं नेटाने सांभाळला. साधा निरोपसुद्धा मालकामार्फत जायचा. आणि काका घरी गेला की हाच माणूस त्याच्या गाड्या पुन्हा दिव्याखाली घेऊन राहिलेली भुतं उतरवत होता.

काका आत गेला. रंगारी डब्यात रंग ढवळत होता.

"माझी लाज राखलीस," काका म्हणाला. "फार उपकार झाले तुझे." त्याने रंगाऱ्याचा माखलेला हात दोन्ही हातांत धरला. "पण मला एका शब्दाने सांगायचंस तरी."

"कसं सांगणार?" रंगारी म्हणाला. "आपण बोलत नव्हतो ना."