लोरोकोची वेल आणि गरम रक्ताची साठ माणसं

निन्या रोहेलियाच्या हाताला चव आहे पण डोक्याला शांतता नाही, असं आमच्या मळ्यावर सगळे म्हणतात. (आमच्याकडे बाई पंचाहत्तरीची झाली तरी मानानं तिला निन्याच म्हणतात, रोहेलिया तर जेमतेम बावन्नची.) म्हणू देत. नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत त्या स्वयंपाकघरात शांत राहून दाखवा, मग बोला. कॉफीची तोडणी सुरू झाली की सकाळी साठ तोंडं खायला येतात आणि संध्याकाळी तीच साठ पुन्हा येतात. माणशी दोन जाड मक्याच्या भाकऱ्या आणि वाडगाभर राजमा. मका चुन्यात शिजवा, धुवा, दळा, थापा, भाजा. मदतीला एक नणंद, नीकोलासा, तिचे हात चालतात त्याच्या दुप्पट तोंड चालतं.

एरवी रोहेलियाचं परसू बघावं! पुदिना, टोमॅटो, दाराशी सताप, फुटक्या बादल्यांमधून लाल जिरेनियम, चिपिलीनच्या भाजीचं हे एवढं बेट. आणि कुंपणावर लोरोकोची वेल. लोरोकोची हिरवी कळी पीठ-चीजमध्ये घालून पुपुसा, म्हणजे आमची भरली भाकरी, थापली, की तव्यावरून उठणारा वास रस्त्यावरच्या माणसाला आत ओढून आणतो. पण रोहेलियाला त्या वेलीचं कौतुक वेगळंच होतं. तिच्या आईचं घर नव्या रस्त्याखाली गेलं. यंत्रं अंगणात शिरायच्या आदल्या दिवशी तिनं आईच्या वेलीची बोटभर मुळी खणून पदरात, म्हणजे एप्रनात, बांधून आणली. आईच्या हातचं म्हणून जगात तेवढंच उरलं होतं.

तोडणीचा हंगाम म्हणजे आमच्याकडे कोरडा ठणठणीत उन्हाळा. नळाला पाणी तिसऱ्या दिवशी, कारण सगळं पाणी कॉफी धुवायला जातं. हौदातलं पाणी मक्यालाच पुरत नाही, झाडांना कुठून देणार? दर वर्षी जानेवारीत परसाच्या काटक्या व्हायच्या. लोरोको तसा चिवट, जमिनीवरचं सगळं वाळलं तरी पावसात मुळातून फुटतो. पण मागच्या पावसात जुलै उजाडला तेव्हा कुठे एकच बारीक कोंब वर आला. रोहेलियानं मुळाशी बोट घालून पाहिलं तर अर्धं मूळ पोकळ. अजून एक हंगाम असा गेला तर वेल गेलीच.

म्हणून या वर्षी तिनं नोव्हेंबरातच परसाभोवती गोणपाट ठोकलं, पुरुषभर उंच, आणि वेलीला सात लाल फिती बांधल्या. पाण्याचं नंतर बघू, आधी नजरेचं बघू! उन्हातून घामाघूम होऊन आलेल्या माणसाचं रक्त गरम असतं, आणि गरम रक्ताची नजर कोवळ्या जिवावर पडली की तो सुकतो, मग ते तान्हं पोर असो नाहीतर झाडाचा कोंब. आमच्याकडे हे कुणाला शिकवावं लागत नाही. त्यातही ताता तिबूची नजर सगळ्यात कडक. (ताता म्हणजे मानानं आजोबा.) हा म्हातारा तिबुर्सियो चाळीस वर्षं मळ्यावर कॉफी तोडतोय. तो आला की बाया पोरांची तोंडं छातीशी वळवून धरतात. तोंडावर कुणी काही बोलत नाही, पण वळवतात.

"वहिनी, गोणपाट काय लावतेस, त्यापेक्षा वेलीच्या नावानं मेणबत्ती लावून मोकळी हो," नीकोलासा भाकरी थापता थापता म्हणाली. "जानेवारीत जळणाला होतील काटक्या."

"तुझ्या जिभेच्या काटक्या होवोत," रोहेलिया म्हणाली.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात चिपिलीन पिवळं पडलं. रोहेलियानं भांडी घासल्याचं पाणी घातलं, तर त्यातल्या चरबीनं मुंग्या आल्या. मग ती आणखी एक तास लवकर उठून ओढ्यावरून दोन घागरी आणायला लागली. चौथ्या दिवशी तव्यासमोर उभ्या उभ्या तिचा डोळा लागला आणि चाळीस भाकऱ्यांचा कोळसा झाला. साठ माणसं उपाशी कामावर गेली. मुकादम दारात येऊन म्हणाला, "निन्या, माणसं पोसायची की पाला, ते एकदा ठरवा. पुन्हा असं झालं तर मी दुसरी बाई बघतो."

तो गेल्यावर रोहेलिया चुलीमागे जाऊन रडली. धुरानं नाही, सरळ रागानं रडली. साठ जणांचं पोट मी भरायचं आणि माझ्या एका वेलीला तांब्याभर पाणी मिळू नये! ओढ्याच्या घागरी बंद झाल्या. त्यानंतर पंधरा दिवस ती गोणपाटाच्या आत फिरकलीच नाही. मरताना कशाला बघायचं?

नाताळच्या आधीची गोष्ट. संध्याकाळी तोडणीवाले आले. जेवणाआधी हात धुवायला मळ्याच्या बैलगाडीनं आणलेलं पिंप पडवीपुढे असतं, त्यातून जो तो तांब्याभर घेतो आणि तिथेच हातावर ओततो. कॉफीच्या फळांचा चिकट रस असा असतो, की तांब्याभर पाण्याशिवाय हात सुटत नाहीत. रोहेलिया मीठ आणायला मागच्या बाजूला गेली, तर गोणपाटाच्या आत पाण्याचा आवाज. तिनं पडदा सारला. लोरोकोच्या बुंध्याशी ताता तिबू वाकून हात धूत होता.

"अरे देवा! तू? इथे? माझ्या वेलीला खायला आलास?" रागात तिचं ताता गेलं आणि तुम्हीसुद्धा गेलं. "सगळं परसू सोडून हीच दिसली तुला?"

म्हातारा सरळ उभासुद्धा राहिला नाही. "निन्या, पिंपाशी लेकुरवाळ्या बाया असतात," तो म्हणाला. "मी गेलो की त्यांची पंचाईत होते. म्हणून तांब्या घेऊन इकडे येतो. महिना होत आला. पण वर नाही हो बघत मी, आईशप्पथ. खाली बघूनच धुतो. सवय आहे मला."

तांब्या ठेवून तो निघून गेला, जेवलाही नाही. रोहेलियानं वेलीकडे बघायचं धाडस केलंच नाही.

सकाळी उजाडल्यावर ती मन घट्ट करून आत गेली. पुदिना वाळलेला. टोमॅटो करपलेले, शेंड्याला तेवढे हिरवे. जिरेनियमच्या माना पडलेल्या. ज्यांच्यावर कुणाचीच नजर पडली नव्हती, ती झाडं मरायला टेकली होती. आणि लोरोकोच्या बुंध्याशी माती काळीशार ओली, आणि वर, सात लाल फितींच्या मधून, नवे कोंब. एक नाही, दोन नाही, अकरा. रोहेलियानं ते बोटानं पुन्हा एकदा मोजले.

मग पडदा सारून ती बाहेर आली आणि तिला समोरचं गटार दिसलं. साठ माणसं, दोन वेळा, तांब्या तांब्यानं. एकशेवीस तांबे रोज तिच्या डोळ्यांदेखत रस्त्यावर वाहत होते आणि त्यात मळ्याची डुकरं लोळत होती. आणि ते पाणी झाडांना लागू नये म्हणून हिनंच गोणपाट ठोकलं होतं! "रोहेलिया, तुझ्यासारखी गाढव तूच," ती मोठ्यानं म्हणाली.

संध्याकाळी माणसं आली तेव्हा गोणपाट जमिनीवर होतं आणि रोहेलिया पळी घेऊन दारात उभी होती.

"आजपासून गटारावर हात धुवायचे नाहीत. प्रत्येकानं एकेक झाड धरायचं आणि त्याच्या मुळाशी धुवायचे. ज्याचं झाड सुकेल त्याला मी सगळ्यात शेवटी वाढणार."

"वहिनी, वेड लागलंय का तुला?" नीकोलासा किंचाळली. "गरम रक्ताची साठच्या साठ माणसं आत सोडतेस?"

"एक सोडलं होतं ना महिनाभर? जा, बघून ये काय झालंय."

नीकोलासा बघून आली आणि जन्मात पहिल्यांदा काही न बोलता पीठ मळायला बसली.

पण ताता तिबू पडवीच्या टोकाला पाठ करून बसला होता. रोहेलिया त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. सगळे बघत होते. माफी मागणं तिच्या रक्तात नाही, पण मागितली.

"ताता, चुकलं माझं. माझ्या आईची वेल तुम्ही जगवलीत आणि मी तुम्हाला नको ते बोलले. ती वेल तुमचीच. चला, हात धुवा."

तो उठला. पाणी ओतलं, मान खाली.

"असं नाही," रोहेलिया म्हणाली. "आता वर बघा."

"निन्या, नको."

"बघा म्हणते ना! पाणी घालणाऱ्यानं झाड बघायचं नाही तर कुणी बघायचं?"

त्यानं मान वर केली. पडवीत सगळ्यांनी श्वास धरला. वेलीला काहीसुद्धा झालं नाही.

मग काय विचारता! आठ दिवसांत पुदिना मुळातून फुटला. धटिंगण तोडणीवाले बादलीतल्या जिरेनियमवरून भांडायला लागले. येसेनिया नावाची लेकुरवाळी होती, तिनं चिपिलीनचं बेट धरलं आणि दुसऱ्या कुणाला तिथे पाय ठेवू देईना. "माझ्या टोमॅटोवर हात कुणी धुतले रे?" असा दंगा रोज जेवणाआधी. मुकादमसुद्धा एकदा हात धुवायला आला. रोहेलियानं त्याला सताप दिली, ती कडू असते.

तोडणीच्या शेवटच्या दिवशी सगळ्यांना रोहेलियाच्या हातच्या पुपुसा असतात, पण दर वर्षी सुक्या, नुसत्या राजम्याच्या. या वर्षी जानेवारीच्या रखरखाटात, जेव्हा गावात लोरोको औषधालासुद्धा मिळत नाही, तेव्हा वेलीवर कळ्यांचे झुबके लटकले होते. तिनं तीन टोपल्या खुडल्या. तवा तापला, वास सुटला, आणि साठ माणसं बोलायची थांबली. नीकोलासानं पाच खाल्ल्या. "मीठ कमी आहे," ती म्हणाली आणि सहावी घेतली.

पहिली पुपुसा मात्र ताता तिबूच्या ताटात पडली होती. तो ती फुंकत होता तेवढ्यात येसेनिया तान्ह्या लेकीला कडेवर घेऊन परसाकडे निघाली. हात चिकट, तांब्या भरलेला, पोर कुठे ठेवायचं? ती क्षणभर थांबली. मग पोर सरळ म्हाताऱ्याच्या मांडीवर ठेवलं.

"धरा जरा, ताता. माझं चिपिलीन तहानलंय."

पोरीच्या मनगटात नजरेचा लाल मणी होता, तो काही तिनं काढला नव्हता. म्हाताऱ्यानं पोरीला धरलं आणि सवयीनं मान दुसरीकडे वळवली.

"ताता!" तव्यापासून रोहेलिया ओरडली. "काय सांगितलंय मी?"

त्यानं हळूहळू मान फिरवली आणि पोरीकडे बघितलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा एवढ्या जवळून बघितलं. पोरीनं त्याच्या ताटातला लोरोकोचा तुकडा उचलला, तोंडात घातला आणि दुसऱ्यासाठी हात पुढे केला.