राणीच्या वाट्याचे सोडे

सुक्या सोड्यांचा वास आला, की मला तो राजवाडा आठवतो. नव्वदच्या दशकात, लग्नानंतर आम्ही दोघं बेलापूरहून तिथे राहायला निघालो. संस्थानिकांनी राहत्या घराचंच हॉटेल केलं होतं. आईला हॉटेल पटेना. "घरच हाय ना त्यांचा? मंग रिकाम्या हातानं कशी जाशील? रानीला दे," म्हणत तिने खाडीची कोळंबी सोलून वाळवलेले सोडे बांधून दिले. राणीसाहेब स्वतः दारात आल्या, आणि त्यांच्या अत्तरापुढे मला माझ्या पिशवीची लाज वाटली. सोडे मी गुपचूप कचऱ्यात टाकले. "रानीला आवडले का?" परतल्यावर आईने विचारलं. "खूप," मी म्हणाले. तेव्हापासून दर उन्हाळ्यात ती राणीचा वाटा आधी बाजूला काढायची आणि मी पोचवते म्हणायचे. यंदा आई नाही. तिने काढलेला शेवटचा वाटा माझ्या फ्रीजमध्ये आहे.